बाबांच्या फियाटचे टायर
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावर बसलेले आपले सर आणि बाई, आणि समोर बसलेल्या, केस रंगवलेल्या आणि न रंगवलेल्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

स्मरणिकेच्या मंडळींनी मला सांगितलं होतं, की तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’ यावर पंधरा-वीस मिनिटं बोल. मी हो म्हटलं. मग घरी जाऊन विचार केला. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी या विषयावर जेवढं येतं, त्यापेक्षा जास्त काही मला सांगता येणार नाही. गेल्या दीड वर्षात मी खरोखर बसून एकाच गोष्टीचा अभ्यास केला. आकडे मांडले, चुकले, परत मांडले. ती गोष्ट म्हणजे मोटारीचा टायर. तेव्हा आज मी टायरवर बोलणार आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांच्यासाठी मागच्या टेबलावर बटाटेवडे आहेत, आणि ते गरम आहेत असं मला कळलंय.

आमची गाडी तुमच्यातल्या निम्म्यांना तरी आठवत असेल. क्रीम रंगाची, हँडगिअरची प्रीमियर पद्मिनी. बाबांनी १९८५ मध्ये घेतली. तेव्हा पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघावी लागायची. बाबा म्हणतात, तुझ्या जन्माआधी नाव नोंदवलं आणि तू बालवाडीत गेल्यावर गाडी आली. नववीत विज्ञान प्रदर्शनाला आपण जी पाणचक्की केली होती, ती बोरिवलीपर्यंत याच गाडीच्या डिकीतून गेली. डिकी बंद होईना म्हणून सुतळीने बांधली होती. मागच्या सीटवर आपण पाच जण कोंबलेले आणि पुढे विज्ञानाच्या बाई. बाई, तुमच्या मांडीवर पाण्याची बादली होती, आठवतंय?

तिला आम्ही फियाटच म्हणायचो, सगळेच म्हणायचे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. कुर्ल्याच्या त्यांच्या कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० तयार होऊ लागली, आणि १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं. तुम्ही म्हणाल, ही तर टॅक्सी! टॅक्सी खरीच. पण याच गाडीचं इंजिन नीट करून हौशी लोक मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यतीत उतरायचे. त्या काळात आपल्याकडे स्पोर्ट्‌स कार म्हणून दुसरं होतं काय? ज्यांच्याकडे एमजी होती ते मलबार हिलला राहायचे. कांदिवलीत आमची फियाटच स्पोर्ट्‌स कार होती, आणि रविवारी सकाळी मोकळ्या हायवेवर बाबा ती तशीच चालवायचे. आई डोळे मिटून रामरक्षा म्हणायची.

सरकारच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षं पूर्ण झाल्याशिवाय गाडी ‘व्हिंटेज’ होत नाही. म्हणजे गाडीही अजून व्हिंटेज नाही आणि आपणही नाही. जेमतेम वाचलोय.

आता मुद्द्याचं सांगते. २००० च्या सुमारास पद्मिनीचं उत्पादन बंद झालं, तेव्हा बाबांना काळजी लागली की हिचे टायर आता मिळणार नाहीत. म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी पाच कोरे टायर घेतले, वर्तमानपत्रात गुंडाळले, वर गोणपाट बांधलं आणि माळ्यावर ठेवले. आमच्या घरी दिवाळीची साफसफाई निघाली, की ‘टायर हलवू नका’ हे वाक्य ठरलेलं. २०१९ मध्ये गाडीचे जुने टायर अगदी गोटा झाले, तेव्हा बाबांनी मोठ्या समाधानाने माळ्यावरचे टायर खाली उतरवले. नवेकोरे. खाचा खोल, वरचे रबराचे बारीक केस अजून शाबूत. बघणाऱ्याला वाटावं, आजच दुकानातून आणलेत.

त्या टायरवर गाडी चार वर्षं महिन्यातून दोन-तीनदा फिरली. काही झालं नाही. २०२३ च्या जूनमध्ये, पावसाच्या पहिल्याच दिवशी, एका साखरपुड्याहून आम्ही परत येत होतो. गाडी मी चालवत होते. बाबा शेजारी, आई मागे साखरपुड्याचं पुडकं सांभाळत बसलेली. हायवेवरच्या एका पुलावरून खाली उतरताना पुढच्या बसने ब्रेक लावला. मीही लावला. वेग फार तर चाळीस. चाकं थांबली आणि गाडी मात्र थांबली नाही. हा अनुभव ज्याला आलाय त्याला मी काय म्हणते ते कळेल. स्टिअरिंग हातात आहे, पाय ब्रेकवर आहे, आणि या दोन्हींचा गाडीशी काही संबंध उरलेला नाही. गाडी तिरकी होत होत, घसरगुंडीवरून मूल यावं तशी खाली गेली. बस तेवढ्यात पुढे सरकली म्हणून वाचलो. आमचं नाक आणि तिचा मागचा बंपर यांत हातभर अंतर होतं. मागून कोणी आलं नाही हे नशीब.

आई एवढंच म्हणाली, ‘‘पेढे सांडले.’’ बाबा काहीच बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, ‘‘तू ब्रेक जोरात मारलास.’’

मी ब्रेक जोरात मारला होता, हे खरं. या गाडीला चारही चाकांना ड्रमब्रेक आहेत, एबीएस वगैरे काही नाही. जोरात दाबला की चाक लॉक होतं. पण चाळिसाच्या वेगाला ते एवढं लांब घसरायला नको होतं. रात्री मी गणित केलं, आपण अकरावीत करायचो तसंच. ताशी चाळीस म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. घर्षणाचा गुणांक ०.७ धरला, म्हणजे बरा टायर आणि बरा रस्ता, तर गाडी नऊ मीटरमध्ये थांबते. गुणांक ०.३ धरला तर एकवीस मीटर लागतात. फरक बारा मीटरचा, म्हणजे एका मोठ्या बसच्या लांबीएवढा. दुसऱ्या दिवशी खाली जाऊन मी टायरवर नख दाबून बघितलं. रुतलं नाही. शेजारच्यांच्या गाडीच्या टायरवर दाबलं, तिथे रुतलं. मग मी गुडघ्यावर बसून टायरच्या कडेवरची अक्षरं वाचायला लागले. वॉचमन विचारायला आला, ताई काही पडलं का?

कडेवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. आमच्या टायरवर होतं ३२०१. म्हणजे २००१ सालचा बत्तिसावा आठवडा, ऑगस्ट. नवाकोरा दिसणारा तो टायर बावीस वर्षांचा होता. आपण दहावीचा निकाल घेतला त्यानंतर पाच वर्षांनी तो साच्यातून निघाला होता.

इथे मला बाईंशी थोडा वाद घालायचा आहे, तीस वर्षं उशिरा. बाई, तुम्ही आम्हांला शिकवलंत की घर्षण संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. लाकडी ठोकळा आडवा ओढा नाहीतर उभा ओढा, ताणकाटा तेवढंच दाखवतो. आम्ही करून बघितलं होतं, जर्नलमध्ये लिहिलं होतं, लाल शाईत तुमची सही आहे. तर बाई, लाकडाच्या ठोकळ्याचं ते बरोबर आहे. रबराचं नाही. रबर मऊ असतं तेव्हा ते खडीच्या बारीक टोकांवर दबून आत शिरतं, खाचाखोचा धरतं आणि सोडताना थोडी ऊर्जा स्वतःतच जिरवतं. टायरची पकड मुख्यतः त्यातून येते. रबर कडक झालं की ते आत शिरत नाही, वरवर टेकतं. म्हणजे बावीस वर्षांचा टायर पुन्हा तुमच्या नियमात येऊन बसतो. आमच्या गाडीला चार लाकडी ठोकळे लावलेले होते, आणि वर पहिल्या पावसाचं पाणी, ज्यात आठ महिन्यांचं तेल आणि धूळ कालवलेली.

रबर कडक होतं ते हवेतल्या ऑक्सिजनने आणि ओझोनने. कारखान्यात रबरात मेणासारखा एक पदार्थ घालतात. टायर फिरताना वाकतो-उलगडतो, तसं ते मेण हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि थर धरतं. गाडी उभी राहिली की ते वर येत नाही. म्हणजे रोज पळणाऱ्या टायरपेक्षा नुसता जपून ठेवलेला टायर एका अर्थी लवकर म्हातारा होतो. हे वाक्य मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘मलाही डॉक्टर हेच सांगतात. चाला म्हणतात.’’

पण टायर बदलायला ते तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, गाडी कंपनीने ज्या टायरवर रस्त्यावर आणली त्याच टायरवर ती चालायला हवी. त्यात तथ्य नव्हतं असं नाही, ते पुढे सांगते. पण त्यातला अर्धा भाग असा होता, की ते टायर त्यांनी जपले होते. बावीस वर्षं घरातल्या सगळ्यांशी भांडून जपले होते.

मग मी नव्या टायरच्या मागे लागले. मूळ टायर ५.२०-१४ मापाचा, म्हणजे सव्वापाच इंचांना थोडा कमी रुंद आणि चौदा इंची रिमवर बसणारा. बांधणीने नायलॉन. दुकानदार नायलॉन म्हणतात तेव्हा त्यांना जुन्या पद्धतीचा, तिरप्या दोऱ्यांचा टायर म्हणायचं असतं. ज्यांच्या आया शिवणकाम करायच्या त्यांना लगेच कळेल. गळ्याला लावायची पट्टी उरेब कापतात ना, म्हणजे ती ताणली जाते, वळते? जुना टायर असा उरेब असतो. दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरपे चढवलेले. बाजूची भिंत आणि रस्त्याला टेकणारा भाग एकाच कापडाचे. त्यामुळे वळणावर भिंत वाकली की खालचा तळवाही वाकडा होतो. रेडियल टायरमध्ये दोरे सरळ, या कडेपासून त्या कडेपर्यंत काटकोनात जातात, आणि तळव्याखाली पोलादी तारांचा वेगळा पट्टा असतो. भिंत हवी तेवढी वाकते, तळवा मात्र रस्त्यावर सपाट राहतो. मिशेलिनने याचं पेटंट १९४६ मध्ये घेतलं.

तळवा सपाट राहणं एवढं महत्त्वाचं का, तर तो फार लहान असतो म्हणून. हे गणित मला फार आवडलं. आमची गाडी सुमारे नऊशे किलोची, म्हणजे एका चाकावर सव्वादोनशे किलो. बाबा वर्षानुवर्षं चोवीस पौंड हवा भरायचे. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो सातशे ग्रॅमचा दाब. भागाकार करा. एकशे तेहतीस चौरस सेंटिमीटर येतात. आपलं पोस्टाचं कार्ड चौदा बाय नऊचं, म्हणजे एकशे सव्वीस. गाडीत तुम्ही, तुमचे आईवडील, पोरं, पेढ्यांचं पुडकं, सगळं चार पोस्टकार्डांवर बसलेलं असतं.

मी पहिल्यांदा गेले त्या दुकानात मला सांगितलं, ‘‘मॅडम, आत्ता दोनच घ्या, रेडियल. पुढे लावा. स्टिअरिंग पुढे असतं ना.’’ ऐकायला पटतं. पण ते उलटं आहे, आणि धोक्याचं आहे. पुढे जास्त पकड आणि मागे कमी, असं झालं की वळणावर किंवा ब्रेकवर गाडीची पाठ आधी सुटते, आणि पाठ सुटलेली गाडी सावरणं तुमच्या-माझ्यासारख्याचं काम नाही. पुढची चाकं घसरली तर गाडी निदान सरळ जाते. ब्रिटनमध्ये तर पुढे रेडियल आणि मागे उरेब अशी जोडी लावून गाडी रस्त्यावर आणायला कायद्यानेच बंदी आहे. मी तिथून निघाले. बाहेर पडता पडता त्या दुकानदाराने एक गोष्ट मात्र मनापासून सांगितली. हा जुना साइज टॅक्सीवाल्यांच्या जिवावर बाजारात होता. टॅक्सी संपल्या, साइज संपला. त्याच ऑक्टोबरच्या अखेरीला मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. पेपरात फोटो आला. बाबांनी तो कापून ठेवलाय.

परदेशात जुन्या गाड्यांसाठी जुन्याच मापाचे टायर नव्याने बनवणाऱ्या कंपन्या आहेत. पण २०२० च्या जूनपासून आपल्याकडे टायरच्या आयातीवर परवान्याचं बंधन आहे, आणि चार टायरसाठी मी परवाना काढत बसणार नव्हते. तेव्हा इथे मिळतं त्यातलंच निवडायचं.

माझा एक सहकारी आहे, त्याच्या मामांकडे एमजीबी आहे. खरीखुरी स्पोर्ट्‌स कार, दोन सीटची, उघड्या टपाची, तारांच्या चाकांची. मी त्यांना फोन केला. त्यांनी तासभर सांगितलं आणि माझं अर्धं काम झालं. कारण एमजीबीची चाकंही चौदा इंची. १९६२ मध्ये ती आली तेव्हा तिला ५.६०-१४ चा उरेब टायर होता, आणि पुढे कारखान्यानेच तिला १५५ आणि १६५ रुंदीचे रेडियल द्यायला सुरुवात केली. म्हणजे जुन्या चौदा इंची चाकावर रेडियल चढवणं हे काही मी काढलेलं खूळ नव्हतं. ज्यांनी गाडी बनवली त्यांनीच ते केलं होतं. त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली ती ट्यूबची. तारांच्या चाकात प्रत्येक तारेच्या भोकातून हवा जाते, म्हणून ट्यूब लागतेच. आमच्या चाकाला तारा नाहीत, पण रिवेट आहेत, आणि जुन्या रिमला ट्यूबलेस टायरची कड धरून ठेवणारा उंचवटाही नाही. तेव्हा ट्यूब घालायचीच, आणि ती रेडियलला चालणारीच हवी. तिसरी गोष्ट अशी की रेडियल घट्ट धरून ठेवतो, पण सोडतो तेव्हा पटकन सोडतो. उरेब टायर आधीपासून कुरकुर करतो, डुलतो, सांगतो की आता जास्त होतंय. बाबांच्या म्हणण्यात तथ्य होतं ते हे. ते ज्या टायरवर गाडी शिकले तो बोलणारा टायर होता. शिवाय या गाडीचं सस्पेन्शन, स्टिअरिंग सगळं त्या हिशेबाने बनवलेलं. रुंद, चिकट टायर लावला की तो सगळा जोर जुन्या सांध्यांवर येतो. म्हणून रुंदीचा मोह टाळायचा. १७५, १८५ लावून गाडी दणकट दिसते, फोटो छान येतात. पण प्रत्येक टायरला किती रुंद रिम लागते याचा तक्ता असतो, आणि आमची अरुंद रिम त्यात बसत नाही.

आता मापं. जुन्या टायरचा व्यास मी मोजला तो ६०७ मिलिमीटर. १५५/८० मापाचा टायर चौदा इंचात मिळाला असता तर तो ६०४ चा, जवळजवळ तेवढाच. पण आमच्या भागात मी विचारलं तिथे तो फक्त तेरा इंचात होता. राहिले दोन. एक १६५/७० आर १४, जो आताच्या वॅगनआरला येतो. व्यास ५८७, म्हणजे तीन टक्क्यांहून थोडा लहान. गाडी एक सेंटिमीटर खाली बसणार, आणि काटा साठ दाखवेल तेव्हा वेग अठ्ठावन्न. दुसरा १६५/८० आर १४, जो स्विफ्टला येत होता, त्यामुळे कुठल्याही दुकानात. व्यास ६२०, दोन टक्के मोठा. काटा साठ, वेग एकसष्ट. आपल्या रस्त्यांवर एक सेंटिमीटर खाली बसायचं, की अर्धा सेंटिमीटर वर उचलायचं? कांदिवलीत राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडायला नको. फक्त एकच शंका होती. हा टायर मूळ टायरपेक्षा दीड-दोन सेंटिमीटर दोन्ही बाजूंना रुंद. मडगार्डला घासला तर?

मी लॅपटॉपवर आकृत्या काढत बसले होते. इतके महिने अलिप्त राहिलेले बाबा येऊन मागे उभे राहिले. त्यांची सगळी नोकरी कारखान्यात मेंटेनन्सला गेली, तुम्हांला माहीत आहे. थोडा वेळ बघून म्हणाले, ‘‘आईकडून कणीक आण.’’

ओळखीच्या दुकानातून आम्ही एक टायर चढवलेलं चाक अर्ध्या दिवसासाठी मागून आणलं. बाबांनी मडगार्डच्या आतल्या बाजूला, जिथे जिथे शंका तिथे तिथे, कणकेचे गोळे चिकटवले. पुढे चाक लावलं, मी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटापर्यंत वळवलं, कंपाउंडमध्ये एक चक्कर मारली. गोळे जसेच्या तसे. मग तेच चाक मागे लावलं. मागे सोसायटीचे सेक्रेटरी, त्यांचे मेहुणे आणि वॉचमन असे तिघे भरदार गृहस्थ बसवले आणि स्पीडब्रेकरवरून नेलं. उतरून बघितलं तर डाव्या बाजूच्या गोळ्यावर टायरची नक्षी स्वच्छ उमटलेली, चकलीच्या साच्यातून काढल्यासारखी.

माझा चेहरा पडला. म्हणजे सगळं गणित फुकट. बाबा मात्र वाकून खाली बघत होते. म्हणाले, ‘‘टायर नाही घासत. पाटे बसलेत.’’ मागच्या कमानीच्या पाट्यांची कमान चाळीस वर्षांत सपाट झाली होती, डावीकडे जास्त. जुन्या बारीक टायरने ते कधी कळू दिलं नव्हतं. पाटे उतरवून त्यांना पुन्हा कमान दिली, झिजलेले बुश बदलले, आणि परत कणीक, परत सेक्रेटरी, परत स्पीडब्रेकर. गोळा शाबूत. सेक्रेटरींनी विचारलं, अजून एकदा बसू का?

चार टायर आणि स्टेपनी, असे पाचही एकदम घेतले. घेताना प्रत्येकावरचे चार आकडे वाचले. दोन नऊ महिन्यांपूर्वीचे निघाले, ते बदलून मागितले. दुकानदार वैतागला. वैतागू दे. मी म्हटलं, मी बावीस वर्षांचे वापरून आलेय, आता मला ताजे हवेत.

आता एका गोष्टीची किंमत मात्र मोजावी लागली. रेडियलवर उभ्या गाडीचं स्टिअरिंग जड झालं. याला पॉवर स्टिअरिंग नाही. बाबा एकोणऐंशी वर्षांचे आहेत, उजवा खांदा दुखरा आहे. दर रविवारी गाडी कंपाउंडमधून काढून, पुसून, वळवून परत लावणं हा त्यांचा नेम. पहिल्या रविवारी त्यांना चाक वळवता येईना. मी वरून खिडकीतून बघत होते. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला, सोडला, परत लावला. मग दार उघडून नुसते बसून राहिले. मी एवढा अभ्यास केला होता, पकड, व्यास, रिम, पाटे. आणि गाडी चालवणाऱ्याचा खांदा मोजायचा राहिला होता. ते माझ्या एकाही तक्त्यात नव्हतं.

खाली गेले. म्हटलं, ‘‘बाबा, चुकलंच माझं. जरा कमी रुंद बघायला हवा होता.’’

ते म्हणाले, ‘‘काय लागलंय त्याला? मला शिकवलं त्या उस्तादाने पहिल्याच दिवशी हातावर फटका मारला होता. उभ्या गाडीचं चाक फिरवायचं नाही. गाडी हलू दे, मग फिरव. हे आजकाल तुम्ही विसरलात, आणि हलक्या टायरमुळे मीही विसरलो होतो.’’

गाडी बोटभर सरकली की चाक हलकं होतं. पुढे हवा दोन पौंड जास्त ठेवली, तेवढाही फरक पडतो. आता ते तसंच करतात. जागा जरा जास्त लागते, त्यामुळे सेक्रेटरींनी आपली गाडी थोडी पलीकडे लावायला सुरुवात केली आहे.

या वर्षीच्या पहिल्या पावसात मी मुद्दाम त्याच पुलावर गेले, सकाळी सहाला, एकटी. मागे कोणी नाही असं बघून चाळिसाला ब्रेक दाबला. गाडी थांबली. एवढंच. काही झालं नाही, आणि तेवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप होता. घरी सांगितलं नव्हतं. आज सगळ्यांसमोर सांगतेय, बाबा समोर बसलेत, त्यांनी रागवायचं नाही.

ते जुने पाच टायर? भंगारवाल्याला द्यायला बाबा तयार झाले, पण त्याआधी प्रत्येकाला सुरीने आडवा काप दिला, म्हणजे कोणी ते परत रस्त्यावर आणायला नको. बावीस वर्षं जपलेल्या टायरला त्यांनी स्वतःच्या हाताने काप दिला. आईने विचारलं, आता माळा मोकळा झाला, मोठी पातेली ठेवू का तिथे?

मला मिळालेली वीस मिनिटं संपत आली. मघाशी आत येताना मी पार्किंगमध्ये उगाच रेंगाळत होते, ते कोणी तरी बघितलं आणि विचारलं, काही शोधतेयस का? मी तुमच्या टायरवरचे आकडे वाचत होते. नावं घेत नाही. पण आपल्यातल्या एका डॉक्टरांच्या चकचकीत गाडीला मागे जे दोन टायर आहेत, ते त्यांच्या धाकट्या मुलीपेक्षा मोठे आहेत. जेवणाआधी मला भेटा. आणि स्टेपनी कोणीच बघत नाही. ती गाडीइतकीच जुनी असते.

बाई, तुम्ही चारकोपला जाणार असं कळलं. फियाट खाली उभी आहे, तुम्हांला मी सोडते. पुढेच बसा. या वेळी मांडीवर बादली नाही.